राखणीचे मोल

दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्याने तिच्यातूनच आपली मजुरी स्वतःच्या हाताने काढून घ्यावी काय, आणि घेतलीच तर किती बोलून घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबनिसाचा वाटतो. नीतिविचारात सत्य, अहिंसा, दान यांना जसे प्रशस्त दालन मिळते तसे या प्रश्नाला मिळत नाही. त्याची वस्ती बहुधा कराराच्या मागच्या पानावर, बारीक टाईपात असते. पण अमेरिकेतील नोकरदार माणूस आपल्या म्हातारपणाच्या शिलकीवर लागणाऱ्या आकाराविषयी दलाली पेढ्यांशी जे वाद घालीत आला आहे त्यांचे कागद चाळले म्हणजे असे दिसते की, भांडण डॉलरांचे असले तरी त्यातील तेढ डॉलरांची नाही. दूरदेशीचे हे भांडण आता आपल्याही दाराशी आले आहे. विशेषतः १ जानेवारी २००४ नंतर केंद्र सरकारच्या सेवेत शिरलेल्या आमच्या वाचकांच्या दाराशी. तेव्हा त्याचा विचार केवळ परक्याची गोष्ट म्हणून करून भागणार नाही.

प्रथम तेथील व्यवस्था थोडक्यात सांगितली पाहिजे. १९७४ साली अमेरिकन काँग्रेसने निवृत्तिवेतनासंबंधी एक मोठा कायदा केला. ज्याला मालकाकडून निवृत्तिवेतन मिळण्याची सोय नाही अशा नोकरदाराला स्वतःच्या नावाने, करसवलतीचे निवृत्तिखाते उघडण्याची मुभा त्याच कायद्याने दिली. पुढे १९७८ च्या महसूल कायद्यातील एका कलमातून पगारातून पैसे कापून ठेवण्याच्या खात्यांचा जन्म झाला. त्या कलमाचा क्रमांकच, चारशे एक (के), त्या खात्यांचे नाव होऊन बसला. जेथे निवृत्तिवेतन होते तेथे म्हातारपणाची जोखीम तोवर मालकाच्या डोक्यावर असे. ती हळूहळू नोकराच्या डोक्यावर उतरली. जोखीम आली की सल्लागार येतो, आणि सल्लागार आला की त्याचा आकार येतो. खाते सांभाळण्याचा वार्षिक आकार, खरेदी-विक्रीची दलाली, निधी चालविणाऱ्याचा शेकडा हिस्सा, निधीत शिरताना द्यावयाचा विक्री-आकार, आणि कंटाळून खाते दुसऱ्या पेढीकडे न्यावे म्हटले तर निरोपाचाही आकार!

या आकारांचे गणित एकदा तरी कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. एक लाख रुपये तीस वर्षे, शेकडा सहा दराने, चक्रवाढीने ठेवले तर त्यांचे सुमारे ५,७४,००० होतात. दरसाल शेकडा एक आकारापोटी गेला आणि पाचच उरले, तर सुमारे ४,३२,०००. चलन डॉलर असो की रुपया, प्रमाण तेच. 'शंभरात एक' म्हणून जे कानाला लागत नाही ते अखेरीस 'चारांत एक' होऊन बसते. हा आकार सृष्टिनियमाप्रमाणे अटळ आहे असेही नाही. जॉन बोगल यांनी १९७५ साली स्थापिलेल्या व्हॅनगार्ड या संस्थेची मालकी तिच्या निधींकडे, म्हणजे पर्यायाने त्यांत पैसे ठेवणाऱ्यांकडेच ठेविली, आणि राखणीची मजुरी किती खाली आणता येते ते दाखवून दिले.

परंतु आमच्या मते आकार थोडा की फार, हा यातील दुय्यम प्रश्न आहे. मुख्य प्रश्न तो कसा घेतला जातो हा आहे. लासलगावच्या बाजारात कांदा विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती जी पट्टी पडते तिच्यावर हमाली, तोलाई अशा कपाती एकाखाली एक मांडलेल्या असतात. अडतही एके काळी त्याच्याच माथी असे. पट्टी पाहून तो शिव्या देतो; पण काय कापले ते त्याला दिसते, आणि ज्याने कापले तो समोर बसलेला असतो. निवृत्तिखात्याचा आकार असा कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जात नाही. तो निधीच्या भावातच जिरलेला असतो. खातेदाराला दिसते ती वजाबाकी झाल्यानंतरची रक्कम, आणि बाजार वर गेला असेल त्या वर्षी तर तीही वाढलेलीच दिसते. ए. ए. आर. पी. या अमेरिकेतील वयस्कांच्या संघटनेने २०११ साली अशा खातेदारांची पाहणी केली, तेव्हा दहांपैकी सात जणांनी आपण काही आकार देतच नाही असे सांगितले. कौटिल्याने पाण्यातील माशाचा जो दाखला दिला आहे तो सरकारी नोकरीत असलेल्या कोणालाही नव्याने सांगावयास नको. त्याने तो राजाच्या नोकराविषयी दिला होता. पेढीवरच्या राखणदाराला तो तितकाच लागू पडतो, फरक इतकाच की येथे मासा पितो ते पाणी करारात लिहिलेले असते.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी ठेवीचा विचार बारकाईने केला होता. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली त्यांत ऋणादानाच्या खालोखाल निक्षेप येतो, म्हणजे विश्वासाने दुसऱ्यापाशी ठेवलेल्या वस्तूचा तंटा. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात बंद पेटीतून, आत काय आहे ते न सांगता दिलेल्या ठेवीचा निराळा उल्लेख असून, जो अशा ठेवीवर आपल्या मर्जीने उपजीविका करतो त्याला दंड करावा व ठेव वाढीसह परत देववावी असे सांगितले आहे. यात 'आपल्या मर्जीने' हा शब्द आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. ठेवीवर जगणे हाच दोष असता तर आजच्या सर्व पेढ्या एकजात दोषी ठरल्या असत्या, आणि ते खरे नव्हे. हिशेब ठेवणे, निधी चालविणे ही कामे आहेत, आणि कामाला मोल असलेच पाहिजे. दोष आहे तो मोल स्वतःच ठरवून स्वतःच्याच हाताने घेण्यात. आता पेढी म्हणेल की, आम्ही आमच्या मर्जीने कोठे घेतो? खातेदाराची सही आहे ना!

ही सही कितपत पुरी पडते ते एका प्रकरणावरून दिसेल. अमेरिकेतील अनेक निधींनी आपल्या माहितीपत्रकांतच असे जाहीर केले होते की, ठराविक प्रकारच्या निवृत्तियोजनांना आणि धर्मादाय संस्थांना विक्री-आकार माफ राहील. म्हणजे सवलत ठरलेली होती, छापलेली होती. ती फक्त लावावयाची होती. मेरिल लिंच या पेढीने ती लावण्याचे काम आपल्या सल्लागारांवर सोपविले आणि त्यावर पुरेशी देखरेख ठेवली नाही. परिणामी लहान व्यवसायांच्या निवृत्तियोजनांची सुमारे ४१,००० खाती, तसेच धर्मादाय संस्था आणि सार्वजनिक शाळांचे नोकर व धर्मोपदेशक यांची मिळून सुमारे ६,८०० खाती, यांच्याकडून माफ असलेला आकार घेतला गेला किंवा त्यांना अधिक खर्चाचे भाग विकले गेले. लहान व्यवसायांच्या योजना जादा पैसे देत आहेत हे पेढीच्या २००६ सालीच ध्यानात आले होते. तरीही विक्री चालू राहिली, आणि दलाली पेढ्यांवर देखरेख करणाऱ्या फिनरा या संस्थेला पाच वर्षांहून अधिक काळ काहीही कळविण्यात आले नाही. २०१४ च्या जूनमध्ये फिनराने ८० लाख डॉलरांचा दंड केला. खातेदारांना परत गेलेली एकूण रक्कम ८ कोटी ९० लाख डॉलरांच्या घरात होती.

या प्रकरणात कोणी तिजोरी फोडली नाही. खोटी सही केली नाही. कोण्या सल्लागाराने रात्री दिवा मालवून शाळामास्तरांच्या शिलकीत हात घातला असे चित्र रंगविण्यात अर्थ नाही. त्यांपैकी बहुतेकांना आपण काही वावगे करीत आहो असे वाटलेही नसेल. झाले ते इतकेच की, ज्याला सवलतीची माहिती होती त्याने ती न जाणणाऱ्याला दिली नाही, आणि न दिल्याने त्याचाच फायदा होत होता. याला चोरी म्हणावयाचे काय? कायद्याने नव्हे. पण ठेव सांभाळणाऱ्याला जे ठाऊक आहे त्यात ठेवीच्या मालकाचाही हक्क आहे, असे मानल्याखेरीज 'विश्वास' या शब्दाला काही अर्थच उरत नाही. बाजारात कापड विकणाऱ्याने शेजारच्या दुकानी तेच कापड स्वस्त आहे असे सांगावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. मात्र आपल्याच कपाटात तेच कापड स्वस्त ठेवलेले असता, आणि 'तुमच्या गरजेचे काय ते मी पाहतो' असे गिऱ्हाइकाला सांगितलेले असता, महाग ठाण काढून देणारा दुकानदार निव्वळ विक्रेता राहत नाही.

पुढच्याच वर्षी, २०१५ च्या जुलैत, आणखी तीन पेढ्यांची प्रकरणे निकालात निघाली. दोष त्याच जातीचा; परत करावयाची रक्कम एकूण तीन कोटी डॉलरांहून अधिक. पण या पेढ्यांनी चूक आपण होऊन शोधली होती व नियामकाला कळविली होती, आणि फिनराने त्याची नोंद आवर्जून घेतली. एकच चूक एकीकडे पाच वर्षे दडून राहते आणि दुसरीकडे उघड होते; चुकीचे वजन तेच राहून माणसाचे वजन बदलते ते येथे. आणखी एक गमतीची, खरे तर खेदाची गोष्ट अशी की, अशा तडजोडींत पेढी आरोप मान्यही करीत नाही आणि अमान्यही करीत नाही. दंड मात्र भरते. कायद्याच्या दृष्टीने ही रीत सोयीची असेल. ज्या मास्तराचे पैसे परत आले त्याला ते आले. मात्र 'आमचे चुकले' हे चार शब्दांहून कमी असलेले वाक्य त्याच्या वाट्याला आले नाही.

याच्या उलट बाजूने जे म्हटले जाते ते हलके नाही. सज्ञान माणसाने सही केली आहे. तिच्यामागे जाऊन 'त्याला कळत नव्हते' असे म्हणणे म्हणजे त्याला अज्ञान बालक ठरविणे नव्हे काय? आमच्या वाचकांपैकी प्रत्येकाने नोकरीत हजारो कागदांवर सह्या केल्या असतील. त्यांपैकी किती वाचून केल्या हे ज्याचे त्यास ठाऊक. म्हणून त्या सह्या पोकळ ठरवाव्यात काय? अमेरिकेच्या कामगार खात्याने २०१६ साली असा नियम केला की, निवृत्तिखात्यांविषयी सल्ला देणाऱ्या दलालाने व विमा-प्रतिनिधीने खातेदाराचे हित प्रथम पाहिले पाहिजे. व्यापारी संघटना न्यायालयात गेल्या. दलाल हा विक्रेता आहे, विश्वस्त नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता; आणि २०१८ च्या मार्चमध्ये पाचव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने तो नियम रद्द केला. २०२४ साली त्याच दिशेने केलेला दुसरा नियमही त्या वर्षीच्या जुलैत टेक्सासमधील न्यायालयांनी थोपविला. ब्रिटनने २०१२ च्या अखेरीस सल्लागाराला निधीकडून मिळणारी दलालीच बंद केली, तेव्हा लहान शिलकीच्या माणसाला सल्ला परवडेनासा झाला अशी तक्रार उठली. तीही सर्वस्वी खोटी नव्हती.

आम्हांस या वादात एकच गोष्ट निर्णायक वाटते. विक्रेता म्हणून जगण्यात कमीपणा नाही. पण मग दारावरची पाटीही विक्रेत्याचीच असावी. पाटीवर 'सल्लागार', पत्रकात 'आपल्या स्वप्नांचा सोबती' आणि न्यायालयात मात्र 'विक्रेता', अशा तीन जिभांनी बोलणाऱ्याला खातेदाराच्या सज्ञानतेची साक्ष काढण्याचा अधिकार उरत नाही. सही ज्या विश्वासावर झाली तो विश्वास कोणी जागविला, हे सहीच्या आधी पाहिले पाहिजे.

तंटा झाला तर जावे कोठे, हाही यातलाच भाग. खाते उघडतानाच्या करारात बहुधा असे लिहिलेले असते की, वाद न्यायालयात न नेता लवादापुढे नेला जाईल. १९८७ च्या मॅकमॅहन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे कलम बंधनकारक ठरविले. त्या खटल्यातील खातेदारांपाशी निवृत्तियोजनांचीही खाती होती, आणि दलालाने वाजवीपेक्षा फार उलाढाल केली अशी त्यांची तक्रार होती. लवाद वाईटच असतो असे नाही. तो स्वस्त व लवकर आटोपणारा असू शकतो. परंतु पन्नास-शंभर डॉलरांच्या आकारासाठी लवादापर्यंत कोण जाणार? बहुतेक तंटे पत्रातच मरतात. अशी पत्रे लिहिणाऱ्याला लोक चिकट म्हणतात, आणि तो कित्येकदा असतोही. तरी त्याला हवे असते ते पैशाहून निराळे काही: कोणीतरी त्याच्याशी बोलून घ्यावयास हवे होते, ते बोलणे.

आता आपल्याकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा खटल्यात निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिसी नव्हे असे ठरविले, त्या काळच्या अधिकाऱ्याला आकार ही काय चीज आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. २००४ नंतर सेवेत आलेल्यांच्या म्हातारपणाची शिल्लक मात्र निधीत जाते. १ एप्रिल २०२५ पासून त्यांना खात्रीच्या निवृत्तिवेतनाचा पर्याय दिला गेला, तरी निधी आणि त्याचे व्यवस्थापक आहेतच. येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे की, या राष्ट्रीय योजनेत निधी चालविणाऱ्यांसाठी २०२१ साली जे दर ठरले ते शंभर रुपयांस वर्षाला नऊ पैसे व त्याहून खाली होते. अमेरिकन खातेदाराला हेवा वाटावा असे हे दर आहेत. आपल्याकडचा खरा तंटा सरकारी योजनेत नसून निवृत्तीच्या महिन्यात, ग्रॅच्युइटी, अंशराशीकरण व भविष्यनिर्वाह निधी यांची रक्कम बँकेत एकदम जमा होते तेव्हा, सुरू होतो.

या बाबतीत आपल्या सेबीने एक प्रयोग केला होता, आणि तो नीतिदृष्ट्या आम्हांस फार मोलाचा वाटतो. तोवर म्युच्युअल फंडाच्या समभाग-योजनेत शंभर रुपये घातले की सव्वादोन रुपयांपर्यंत दाराशीच कापले जात, आणि त्यांतून विक्रेत्याची दलाली निघे. १ ऑगस्ट २००९ पासून सेबीने ही कपात बंद केली आणि सांगितले की, विक्रेत्याच्या सेवेचे मोल गुंतवणूक करणाऱ्याने स्वतः जोखावे व त्याला वेगळे द्यावे. म्हणजे मजुरी कणसांतून न घेता मालकाच्या हातून घ्यावी. याहून न्याय्य रीत सुचविणे कठीण आहे.

ती रुजली नाही. वेगळा धनादेश लिहावयाची वेळ येताच हजार रुपयेही आम्हां मध्यमवर्गीयांना भारी वाटू लागले. आणि ज्याची दलाली आतल्या आत जिरलेली आहे अशा विमायोजना त्याच घरांत सुखेनैव विकल्या गेल्या. १ जानेवारी २०१३ पासून मध्यस्थावाचून थेट निधीत पैसे घालण्याची सोय झाली. तिचा लाभ घेणारे वाढले, तरी ज्याला समजावून सांगणारा माणूस हवा असतो तो थेट जात नाही. तेव्हा लपलेल्या आकाराचे पाप सगळेच्या सगळे पेढीच्या पदरात घालता येत नाही. न दिसणारे देणे आपल्याला सुखाचे वाटते. दिसणारे देणे अपमानासारखे बोचते. आपल्या या दुबळेपणावर दुसऱ्याने दुकान मांडले तर ते दुकान अनीतीचे आहे, असे आम्ही तरीही म्हणू. त्याला भाडे कोण देतो तेही मात्र पाहावयास हवे.

परमुलखात राहणाऱ्यांच्या बाबतीत यात आणखी एक धागा गुंततो. कोलकात्यास, चेन्नईस किंवा शिलाँगला वीस वर्षे काढलेल्या माणसाला बँकेतला तरुण अस्खलित मराठीत 'काका, तुम्ही काळजी करू नका' म्हणाला की त्याचे निम्मे काम तेथेच होते. गणेशोत्सवात तो मांडवात राबलेला असतो, त्याची आई हळदीकुंकवाला आलेली असते. 'यात तुला किती मिळतात रे?' हा प्रश्न अशा मुलाला विचारावयाचा कसा? भीड ही भिकेची बहीण, हे आपल्या आजीला ठाऊक होते. पण विचारणाऱ्याची भीड आपण समजू शकतो. ज्याने न विचारता सांगावयाचे तो याच भिडेच्या आडोशाला गप्प बसतो तेव्हा काय म्हणावे? आपलेपणा हीही एक ठेवच आहे, आणि तिच्यावर जगणाऱ्यालाही याज्ञवल्क्याचे ते कलम लावता आले असते तर बरे झाले असते.

हे सारे लिहीत असताना एक गोष्ट आमच्या डोळ्यांआड होत नाही. आमच्या वाचकांपैकी अनेक जण स्वतः कोणाच्या ना कोणाच्या म्हातारपणाचे राखणदार आहेत. त्यांच्या टेबलावर दुसऱ्यांच्या निवृत्तिवेतनाची प्रकरणे येतात. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकाला, आणि कुटुंब-निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवेलाही, वयाची ऐंशी वर्षे पुरी झाली की मूळ निवृत्तिवेतनाच्या वीस टक्के जादा रक्कम मिळते. पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस. सवलत ठरलेली आहे, छापलेली आहे. ती फक्त लावावयाची आहे. पण जुन्या आदेशपत्रांवर पत्नीची जन्मतारीख पुष्कळदा नोंदलेलीच नसते, आणि तारीख नाही म्हणून वाढ लागत नाही. सातारा जिल्ह्यातील एखाद्या गावी बसलेल्या त्या बाईला आपण ऐंशी ओलांडल्याचे पक्के ठाऊक असते. ऐंशीचा आणि बँकेत येणाऱ्या रकमेचा काही संबंध आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. तिच्या आदेशपत्रावरची ती रिकामी जागा दिल्लीच्या कचेरीत एका दुपारी कोणाच्या तरी नजरेस पडते. अर्ज आल्यावाचून पत्र लिहा असे कोठे लिहिलेले नसते. लिहू नका असेही नसते.